ताईच्या डबीतील अठरा नाणी

२०२४ सालच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा भाच्याने "आई, त्याची काळजी तू करू नकोस" असे म्हटले खरे; पण कोणाचे देणे अंगावर ठेवायचे नाही, हा ताईचा आयुष्यभराचा नेम. त्याच संध्याकाळी तिने कपाटातून स्टीलची एक डबी काढली आणि माझ्यासमोर पलंगावर उपडी केली. तीत सोन्याची वीस नाणी होती. एक-एक ग्रॅमची अठरा, आणि तांबड्या फडक्याच्या पुरचुंडीत आमच्या आईच्या दोन गिन्न्या.

मेहुणे गेल्यानंतर ताईला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यातून घरखर्च भागवून २००६ पासून दर धनत्रयोदशीला एक ग्रॅमचे एक नाणे ती घेत आली होती. एकही वर्ष चुकले नव्हते. अकरा नाणी बँकेतून घेतलेली, प्लॅस्टिकच्या बंद वेष्टनातील. उरलेली सात निरनिराळ्या दुकानांतील. पावत्याही तिने एका जुन्या पाकिटात घालून ठेवल्या होत्या. "ही अठरा मोडून ये," ती म्हणाली, "आईच्या गिन्न्यांना मात्र हात लावायचा नाही."

मी शाळामास्तर माणूस. वर्तमानपत्रातला भाव पाहिला, अठराने गुणले आणि निश्चिंत झालो. त्यानंतरच्या दोन दिवसांत जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते. धनत्रयोदशी, गुरुपुष्य, अक्षय्यतृतीया या दिवशी आपल्या घरांतून असे एखादे लहानसे नाणे घेण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे, आणि ते घेताना आपण त्यावरील लक्ष्मीचे चित्र पाहतो, मुहूर्त पाहतो. पुढे कधी मोडायला नेले तर कोण घेईल आणि किती कापून घेईल, हे विचारण्याची मात्र आपल्याला आठवण होत नाही.

पहिल्या दिवशी बँकेत गेलो. पेटीमागच्या तरुणाने नाणी आदराने पाहिली, वेष्टने शाबूत असल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि सांगितले, "सर, आम्ही नाणी विकतो, परत घेत नाही." त्याचा दोष नव्हता. बँकांनी विकलेली नाणी परत विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेची मुभाच नाही. पण ही गोष्ट अठरा वर्षांत ताईला ठाऊक नव्हती, आणि मलाही नव्हती. बँकेचे नाणे म्हणजे बँकेच्या ठेवीसारखे, हवे तेव्हा त्याच खिडकीवर परत करता येणारे, अशी आमची दोघांची भाबडी समजूत.

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या बड्या सराफ्यात गेलो. परगावच्या वाचकांना आमचा सराफा रात्रीच्या खाद्यपेठेमुळे ठाऊक असतो. दुकाने बंद झाली की त्याच पायऱ्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस आणि जिलब्या यांची जत्रा भरते. सकाळचा सराफा निराळा. तेथे माणसे हळू बोलतात. एका जुन्या परिचयाच्या पेढीवर गेलो. शेठजींनी चष्मा पुसला, काटा पुढे ओढला आणि म्हणाले, "मास्साब, वेष्टने फोडावी लागतील."

एकेक वेष्टन कात्रीने कापले गेले. प्रत्येक नाणे आधी काट्यावर, मग शुद्धता दाखविणाऱ्या यंत्राखाली, आणि शंका आली तेथे कसोटीच्या काळ्या दगडावर. (आपल्या भाषेतला 'निकष' हा शब्द मुळात याच दगडाचा. माणसाचा कस लागतो, कामाची कसोटी होते, असे आपण सहज म्हणतो. पण दगडावर उमटलेली ती पिवळी रेघ प्रत्यक्ष पाहताना जीव कसा खालीवर होतो, हे मला त्या दिवशी कळले.) बँकेची अकराही नाणी ९९९ शुद्धतेची निघाली. दुकानांतील सातांपैकी पाच ९९५ च्या आसपास. राहिलेली दोन मात्र ९१६, म्हणजे बावीस कॅरटची. त्यांच्यावर शुद्धतेची कोणतीच खूण नव्हती, आणि त्यांच्या पावत्यांवर 'सोन्याचे नाणे १ नग' एवढेच लिहिलेले होते. पैसे मात्र शुद्ध सोन्याचे घेतलेले. ते दुकान आता त्या जागी नाही.

सर्व मोजून, दोन टक्के घट धरून, ताईच्या हाती सव्वा लाखाच्या आसपास रक्कम आली. पावत्यांची बेरीज केली तेव्हा अठरा वर्षांत तिने साठ हजारांहून थोडे अधिक खर्च केले होते असे दिसले. म्हणजे रक्कम दुपटीहून जास्त झाली होती. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण सोन्याच्या गुंतवणुकीविषयी बोलताना नेमके येथेच आपण थांबतो. भाव वाढला, पैसे दुप्पट झाले, सारे ठीक झाले! वाढत्या भावाच्या पोटात खरेदीतल्या सगळ्या चुका झाकून जातात. त्या उघड्या करायच्या तर रुपये बाजूला ठेवून ग्रॅममध्ये हिशेब केला पाहिजे. तो मी त्या रात्री केला.

हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. दहा ग्रॅमचे एक नाणे घेतले आणि त्यावर दोन टक्के घडणावळ पडली, तर एक लाखावर दोन हजार. त्या एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी म्हणजे ३,०६० रुपये. सारे मिळून १,०५,०६०. आता तेच सोने एक-एक ग्रॅमच्या दहा नाण्यांत घेतले. लहान नाण्याला ठसा, तपासणी, वेष्टन हे सारे मोठ्याइतकेच लागत असल्याने घडणावळ प्रमाणाने जास्त पडते. ती आठ टक्के धरली, तर १,०८,००० आणि त्यावर ३,२४० रुपये कर; एकूण १,११,२४०. दुसऱ्याच दिवशी मोडायला गेलो आणि सराफाने दोन टक्के कापले, तर दोन्हींचे ९८,००० च येणार. कराची रक्कम तर कोणीच परत देत नाही. म्हणजे मोठ्या नाण्यात आपले पैसे सुटायला भाव सव्वासात टक्क्यांच्या आसपास वाढावा लागतो. लहान नाण्यांत साडेतेरा टक्के. घडणावळीचे हे आकडे दुकानागणिक आणि दिवसागणिक बदलतात, पण त्यांची दिशा बदलत नाही. नाणे जितके लहान, तितका कागदाचा, डबीचा आणि चित्राचा भार अधिक.

या हिशेबाने ताईच्या अठरा ग्रॅमांत साधारण एक ग्रॅम सोने जास्तीच्या घडणावळीत गेले होते, आणि ती दोन बावीस कॅरटची नाणी धरून आणखी थोडे. एकूण सव्वा ग्रॅम म्हणू. हिला बुडणे म्हणता येणार नाही. पण निवृत्तिवेतनातून वर्षाला एकच ग्रॅम घेऊ शकणाऱ्या बाईचे ते सव्वा वर्ष होते.

हे मी ताईला सांगितले तेव्हा तिने जे उत्तर दिले त्याने माझा अर्धा हिशेब कोलमडला. "अरे, मोठं नाणं घ्यायचं तर दहा वर्षं पैसे साठवायला हवे होते. वर्षभरात माझ्या हाती उरतं ते एका ग्रॅमाचंच. आणि ते तसंच ठेवलं असतं तर उरलं असतं का?" मी जुने भाव काढून पाहिले. २००६ साली दहा ग्रॅमचा भाव साडेआठ हजारांच्या आसपास होता. २०१० पर्यंत तो दुपटीच्या पुढे गेला. त्या चार वर्षांत जो कोणी पाच-सहा टक्के घडणावळ वाचविण्यासाठी पैसे साठवीत थांबला असेल, त्याला निम्मे सोने गमवावे लागले. उलट २०१२ ते २०१८ या काळात भाव तीस हजारांच्या आगेमागेच घुटमळत होता. त्या वर्षांत थांबणाऱ्याचे काहीच बिघडले नसते, घडणावळ मात्र वाचली असती. कोणते वर्ष कसे निघेल हे आधी कोणाला कळते? तेव्हा एक ग्रॅमचे नाणे घेणे हा मूर्खपणा मुळीच नव्हे. थांबणे परवडत नसलेल्या माणसाने दिलेले ते एक प्रकारचे शुल्क आहे. ते शुल्क आहे हे ठाऊक असावे, आणि ज्याला थांबणे परवडते त्याने ते देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

सोन्याचा भाव नेहमी वरच जातो, ही समजूतही तपासून घ्यावी. लंडनच्या बाजारात जानेवारी १९८० मध्ये एका औंसाचा भाव ८५० डॉलरांवर पोहोचला होता. तो १९९९ साली अडीचशेच्या आसपास उतरला, आणि ८५० चा आकडा पुन्हा दिसायला २००८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे ही घसरण तितकी बोचली नाही, कारण त्याच काळात रुपयाही डॉलरपुढे उतरत होता आणि भारतातील सोनेधारकाला त्या पडझडीचा आडून आधार मिळत होता. सरकारी धोरणाचाही भावावर हात असतो. ताईची नाणी मोडल्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, सोन्यावरील आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आणि भाव एकदम खाली आले. दोन महिने उशीर झाला असता तर आमचे काही हजार गेले असते. आणि दीड वर्ष थांबता आले असते तर, २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला, तेव्हा बरेच अधिक आले असते. पण गुडघा मुहूर्त पाहून दुखत नाही. दीर्घ मुदतीची म्हणून घेतलेली वस्तूसुद्धा शेवटी गरजेच्या दिवशीच मोडली जाते, म्हणूनच मोडताना पडणारी तूट ही आधीच विचारात घेण्याची गोष्ट आहे.

आता आईच्या गिन्न्यांकडे वळतो. मोडायच्या नसल्या तरी पारखून घ्याव्यात म्हणून त्याही मी बरोबर नेल्या होत्या.

आपण जिला गिन्नी म्हणतो ती वास्तविक इंग्रजांची 'सॉव्हरिन'. खरी गिनी हे त्याहून जुने नाणे. १८१४ नंतर ते पाडणे बंद झाले आणि नाव तेवढे मागे राहिले. १८१७ पासूनच्या या सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम, सोने बावीस कॅरट, म्हणजे आत निव्वळ शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. व्यास २२ मिलिमीटरांहून किंचित जास्त. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून अजगराला मारणारा संत जॉर्ज. दोनशे वर्षांत वजन बदलले नाही, कस बदलला नाही. म्हणून ती कोठेही ओळखली गेली. १८९९ पासून हिंदुस्थानात ती पंधरा रुपयांना कायदेशीर चलन होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीतही सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या. त्यांच्यावर घोड्याच्या पायांखालील जमिनीच्या रेषेवर, सालाच्या अगदी वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असते. शेठजींनी भिंग माझ्या हाती दिले. आईच्या एका गिन्नीवर ते अक्षर स्पष्ट दिसले. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत जन्मलेले ते नाणे कोणाच्या कनवटीला लागून माळव्यात आले असेल, कोण जाणे.

दुसरी गिन्नी मात्र खरी निघाली नाही. सोने होते, पण अक्षरे बोथट, कड असमान, वजन थोडे कमी आणि कस एकवीसच्या आत. कोण्या देशी कारागिराने ठशावर पाडलेली. शिवाय एके काळी माळेत ओवण्यासाठी तिला कडी लावलेली असावी. ती काढल्यावर राहिलेला डाखाचा ठिपका अजून होता. अशा देशी गिन्न्या पूर्वी सर्रास पाडल्या जात, कारण लग्नातल्या माळेला छाप हवा असे, मग टांकसाळ कोणतीही असो. पुतळ्यांचेही तेच. आपल्या आज्या-पणज्यांच्या पुतळ्यांच्या माळेतली मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट. १२८४ पासून १७९७ पर्यंत साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळजवळ शुद्ध कस राखलेले नाणे. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती असे. आपल्या लोकांनी त्या आकृत्यांना पुतळ्या म्हटले आणि मग आपल्याच सोनारांनी त्या हजारोंनी घडविल्या. ज्या नाण्याची नक्कल इतके लोक करतात त्याची पत किती असेल, हेही त्यातून कळतेच. पण घरातली प्रत्येक पुतळी व्हेनिसची आणि प्रत्येक गिन्नी विलायतेची, असे धरून चालू नये.

आपल्या पिढीच्या आधीच्या लोकांची नाण्यांची सवय मध्येच तुटली, याचे कारण पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रण आले. नवे दागिने चौदा कॅरटचे करावेत असे बंधन पडले. असंख्य सोनारांच्या चुली थंडावल्या. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० साली रद्द होईपर्यंत सामान्य माणसाने सोन्याची लगड वा चीप बाळगणे हा गुन्हाच होता. त्या काळात सोने म्हणजे दागिना, एवढाच अर्थ उरला. आईने त्या दोन गिन्न्या डाळीच्या डब्यात ठेवल्याचे मला आठवते. का, ते तेव्हा कळले नव्हते.

आज कोणी विचारले की जुनी गिन्नी विकत घ्यावी काय, तर माझे उत्तर असे : घरात असेल तर जपावी, बाजारातून चढ्या दराने घेऊ नये. पुन्हा ग्रॅमला दहा हजारांचाच भाव धरला तर अस्सल गिन्नीतील सोन्याची किंमत ७३,२२४ रुपये होते. तीच जर कोणी 'राणीछाप, दुर्मिळ' म्हणून ऐंशी हजारांना देऊ लागला, तर आपण नऊ टक्के अधिक देतो, म्हणजे एक ग्रॅमच्या नाण्याचीच गत. मोडताना साधा सराफ त्या राणीचे काही देत नाही, सोन्याचेच देतो. बावीस कॅरट म्हणजे हलके सोने, असेही समजू नये. त्यात तांबे मिसळल्याने ते झिजत नाही एवढेच. पैसे द्यायचे ते आतल्या शुद्ध सोन्याचे. तसेच, आज काही दुकानांत आठ ग्रॅमच्या कोणत्याही नाण्याला गिन्नी म्हणतात. ते चोवीस कॅरटचेही असते, बावीसचेही. पावतीवर कस लिहून घेतल्याखेरीज त्या नावाला अर्थ नाही. जुनी नाणी ज्यांच्या घरी आहेत त्यांची गोष्ट निराळी. बडोद्याच्या वाचकांकडे सयाजीराव महाराजांच्या मोहरा असतील, हैदराबादकडे चारमिनार छापाची अशरफी किंवा तिचा अष्टमांश असेल. त्या सराफाच्या काट्यावर नेण्यापूर्वी नाण्यांच्या जाणकारास दाखवाव्यात. घासूनपुसून चकचकीत करू नयेत. आणि परदेशी असलेल्या नातवाला पाठवू तर मुळीच नयेत. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी ही पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीने ती देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. आईची मुंबई छापाची गिन्नीही आता त्यात मोडते.

मग नवे घ्यायचे तर काय? माझ्या मते पाच, आठ किंवा दहा ग्रॅमचे, ९९९ शुद्धतेचे, नावाजलेल्या टांकसाळीचे साधे नाणे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी असलेले पाच व दहा ग्रॅमचे नाणे काढले. त्यावर मानक ब्यूरोचा छाप असतो. छापाचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की २०२१ साली दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती झाली तेव्हा नाणी आणि चिपा त्या सक्तीतून वगळलेल्या होत्या. म्हणजे दुकानातील कर्णफुलावर छाप असतो म्हणून शेजारच्या नाण्यावरही असेलच, असे नाही. तो आपण शोधून पाहायचा. घेताना दुकानदाराला सरळ विचारावे की हे तुम्हीच परत घ्याल काय, कोणत्या भावाने, किती कापून. आणि जमल्यास तसे पावतीवर लिहून घ्यावे. विचारायला संकोच वाटतो, हे खरे. मलाही वाटे.

आपल्याकडे वेढणी घेण्याचीही चाल आहे. शुद्ध सोन्याच्या साध्या तारेचे ते वळे; घडणावळ जवळजवळ नाही. एकाच गावात, एकाच पिढीजात सराफाकडे घेऊन त्याच्याकडेच मोडायची असेल तर वेढणीसारखे सोयीचे काही नाही. पण ती मुलीला दिली, आणि मुलगी बंगळूरला किंवा पुण्याला गेली, तर तेथला सराफ ती वेढणी ओळखणार नाही. वितळवून कस लावल्याखेरीज हात लावणार नाही. आपल्यासारख्या घरांतली मुले आज एका गावी राहत नाहीत. आजोबा ग्वाल्हेरला, मुलगा नागपूरला, नात अमेरिकेत, असा पसारा. तेव्हा आपल्या सराफाला ओळखू येईल असे सोने घेण्यापेक्षा परक्या सराफाला ओळखू येईल असे घेणे शहाणपणाचे. याच कारणाने मी टांकसाळीच्या नाण्याकडे झुकतो.

परदेशातून कोणी नाणी आणीत असेल तर एक सावधगिरी. प्रवाशांना दागिन्यांवर जी शुल्काची सवलत मिळते ती नाण्यांना मिळत नाही. भाच्याने दुबईहून प्रेमाने आणलेले नाणे विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे लागते. दक्षिण आफ्रिकेचे क्रुगररँड, कॅनडाचे मेपल लीफ यांचे औंसाचे दशांश तुकडेही मिळतात. दिसायला सुरेख, पण आमच्या सराफ्यात त्यांची ओळख पटवीत बसावे लागते.

कायद्याच्या काही बाबी थोडक्यात. जुलै २०२४ च्या बदलानंतर चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवलेले सोने विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. पूर्वीची महागाई वजा करण्याची सवलत त्यात राहिली नाही. नफा किती हे पावतीवरून ठरते, म्हणून ताईचे ते जुने पाकीट हे नाण्यांइतकेच मोलाचे होते. दोन लाखांहून अधिकच्या खरेदीला पॅन लागतो. प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे पाचशे ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत असा १९९४ चा आदेश आहे, पण तो दागिन्यांपुरता. नाण्यांना तो संरक्षण देत नाही. आणि तारण ठेवायची वेळ आली तर रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या नियमांप्रमाणे दागिन्यांवर माणशी एक किलोपर्यंत कर्ज मिळू शकते, नाण्यांवर पन्नास ग्रॅमपर्यंतच, आणि लगडीवर किंवा चिपेवर मुळीच नाही. ज्याला अडीअडचणीला गहाण टाकता येईल असे सोने हवे त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कागदी सोन्याचे प्रकार मी येथे घेतले नाहीत. सरकारी सुवर्णरोख्यांवर वर्षाला अडीच टक्के व्याजही मिळे आणि घडणावळीचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी २०१५ पासून ते घेतले त्यांचे भले झाले. पण फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी मालिका निघाली नाही. आणि ताईसारख्या बाईला डबीत हाताला लागेल असेच सोने हवे असते. त्याची टर उडविण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्या समाजात पुष्कळ बायकांच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा वस्तू तेवढ्याच असतात.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. देशी गिन्नीची गोष्ट मी ताईपासून आठवडाभर लपविली आणि मग सांगितली. तिने ती हातात घेऊन खालीवर पाहिली. "आईला ठाऊक असेल का रे?" एवढेच विचारले आणि दोन्ही गिन्न्या पुन्हा त्याच तांबड्या फडक्यात बांधल्या.

त्या दिवाळीपूर्वी तिने आपण होऊन एक युक्ती काढली. माझी पत्नी, आमच्या दोन वहिनी, शेजारच्या एक बाई आणि ती स्वतः, अशा पाच जणींची भिशी. दर धनत्रयोदशीला प्रत्येकीने त्या दिवसाच्या भावाने एका ग्रॅमाचे पैसे काढायचे, त्यांतून पाच ग्रॅमचे एक नाणे घ्यायचे आणि ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिने ते न्यायचे. भाव चढो की उतरो, प्रत्येक वर्षी पाचही जणी सारखाच वाटा देतात. घडणावळ पाच ग्रॅमच्या नाण्याची पडते, आणि कोणालाही पाच वर्षे पैसे सांभाळीत बसावे लागत नाही. माझ्या सगळ्या आकडेमोडीला जे सुचले नाही ते तिला सुचले होते. पावती मात्र मी तपासतो : कस, वजन, टांकसाळीचे नाव, घडणावळ वेगळी, कर वेगळा.

२०२४ ची चिठ्ठी धाकट्या वहिनींची निघाली, २०२५ ची शेजारच्या बाईंची. ताईचे नाव अजून वाटीतच आहे. या दिवाळीला सराफ्यातून परतताना ती जिना कठड्याला हात न लावता चढली आणि वर पोहोचून म्हणाली, "माझी चिठ्ठी शेवटी निघाली तरी चालेल. तोवर मी चालती आहे."